हात न लावता वाजणारी पेटी

अकोल्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला, की मला आजही माझ्या चुलतभावाचा, प्रमोददादाचा, हेवा वाटतो.

दर्यापूरला चौदा एप्रिलची, जयंतीची संध्याकाळ होती. अस्पृश्यतेवरचं माझं पहिलं पत्रक मी मंडपात वाटलं होतं आणि त्यावर बोलायला उभा राहणार होतो. त्याआधी दादा आपली पेटी घेऊन मंचावर चढला. शंभर वर्षांपूर्वी एका रशियन संशोधकाने असं विजेचं वाद्य शोधल्याचं वाचून त्याने ती जुन्या रेडिओच्या भागांना घरीच सोल्डरिंग करून जुळवली होती. पेटीच्या दोन तारांजवळ तो हवेतच हात हलवू लागला, आणि रडवेला, लांब सूर निघाला. हळूहळू त्यातून आमची विहारातली रोजची वंदना ओळखू आली.

"हात काहून नाही लावून राहिला रे?" पुढे बसलेल्या आत्याने विचारलं.

"हात लागला का सूर बिघडते, आत्या."

"आमाले बी कोणी शिवत नव्हतं बापा. पण त्यातून गाणं काही निघालं नाही."

मंडप हसला आणि मग एकदम गप्प झाला. माझ्या दोन पानांत जे आलं नव्हतं, ते त्या पेटीने आत्याकडून एका वाक्यात वदवून घेतलं होतं. त्यानंतरचं माझं भाषण लोकांनी नीट ऐकलं, टाळ्याही वाजवल्या. मला मात्र ती शांतता हवी होती.

आता माझी पत्रकं अमरावतीपर्यंत जातात. प्रत्येक नवं पत्रक मी आधी आत्याला वाचून दाखवतो. ती शेवटपर्यंत ऐकते, मान डोलावते आणि विचारते, "प्रमोदची ते पेटी कुठी आहे रे आता?"