वाघिणीला स्थळ

सगोत्र लग्न म्हटलं की माझी आई भल्याभल्यांना दारातून परत पाठवायची. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी पाहुण्यांना चहाच्या आधी गोत्र विचारलं जायचं. मी प्राणिसंग्रहालयात पशुवैद्य झाले तेव्हा तिला हसायचे. पुढे तिचीच भाषा माझ्या तोंडी आली.

देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता खुला झाला होता. आबिड्सच्या चौकात रोज नवा जाहिरातीचा फलक चढायचा. कपडे धुण्याची पावडर विकणाऱ्या एका कंपनीने आमची पांढरी वाघीण दत्तक घेतली, पिंजऱ्यावर आपली पाटी ठोकली आणि मागोमाग हुकूम आला: पांढरे बछडे हवेत. पांढरा नर एकच होता, तिचा सख्खा भाऊ. दोघांना मीच बाटलीने दूध पाजलेलं. त्यांचे आईबापही बहीणभाऊच होते. वाघीण तिरळी होती. ती कुणाकडे पाहतेय ते कधी कळायचं नाही. त्यांच्याबरोबरचं तिसरं पिल्लू वाकडे पाय घेऊन जन्मलं आणि माझ्या मांडीवर गेलं.

हे सगळं मी संग्रहालयाच्या साहेबांना सांगितलं. ते हसले.

"मॅडम, हमारे में मामा-भांजी की शादी होती. कुछ नै होता."

"भाई-बहन की तो नै होती ना, सर?"

"जानवर कू क्या मालूम? पब्लिक कू सफेद होना."

माझं डोकंच फिरलं. वाघ म्हणजे काय धुवायला टाकलेलं धोतर आहे?

वाघीण माजावर आली की दोन पिंजऱ्यांमधला सरकता दरवाजा उघडायचा, अशी रीत. ती माजावर आली त्या सकाळी मी आमच्या घराचं कुलूप नेऊन त्या दरवाजाला लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. साहेब लालेलाल. मी म्हटलं, "तोडायचं तर तोडा, पण माझ्यासमोर." त्यांनी राखणदाराच्या हातात हातोडा दिला. तिसरं पिल्लू त्यानेच पुरलं होतं. "मेरे से नै होता, साब," म्हणून त्याने हातोडा खाली ठेवला. माज ओसरला. माझी रवानगी हरणांकडे झाली. कुलूप मात्र तिथेच राहिलं, कारण किल्ली मी काही दिली नाही.

मग जंगलातून एक नर आला. फासात अडकून पंजा अधू झालेला, परत सोडता न येण्यासारखा. हे खरं परगावचं स्थळ! कंपनीचा माणूसही खूश. त्याचा हिशोब सोपा होता: आई गोरी, म्हणजे पोरं गोरी. मी स्पष्ट सांगितलं, पांढरा रंग आईबाप दोघांकडून यावा लागतो, सगळी पिवळी होतील. ऐकतो कोण? भावाला तिथून हलवून त्या नराला शेजारी आणलं, तेव्हा मी स्वतः जाऊन कुलूप काढलं.

बछडे झाले. साहेबांचा चेहरा पडला.

"सब पीले?"

"हौ सर. सब पीले."

कंपनीने पाटी उतरवली. मी पेढे वाटले, साहेबांना आधी दिला.

पिल्लं बाहेर फिरू लागल्यावर मी माझ्या आईला बघायला घेऊन गेले. एक बछडा गजांपाशी येऊन थबकला. आईने माझा दंड धरला.

"अगं, हा माझ्याकडेच बघतोय."