दर पाव तासाने त्याचं नाव

माझ्या नवऱ्याला कोणी आळशी म्हटलं की मला राग यायचा, आणि तो आळशी होताच. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात तो कारकून. पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं आणि कुठला कंटेनर कुठे ठेवलाय ते ऑनलाइन शीटवर भरायचं. मुंबईतले साहेब ती शीट तिकडून बघत. कंटेनर हलो न हलो, 'शेवटचा बदल' म्हणून जी वेळ दिसते ती ताजी हवी. जरा शिळी झाली की फोन यायचा: झोपलात काय?

म्हणून त्याने एक स्क्रिप्ट लिहिली, आपोआप काम करणारा छोटासा प्रोग्रॅम. कोणी शिकवलं नव्हतं, व्हिडिओ बघून बघून शिकला. दर पाव तासाने ती कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकटीत एक टिंब टाकायची आणि पुसायची. लॅपटॉप बंद असला तरी चालायची. वेळ ताजी, बाजूला त्याचं नाव. "आता मी चहाला गेलो काय न् घरी आलो काय, साहेबासाठी मी खुर्चीतच हाय," म्हणाला आणि मांडीवर थाप मारून हसला. मीही हसले. साहेबांची चांगली जिरवली, असं वाटलं.

त्याच खुर्चीत एका दुपारी तो गेला. छातीत कळ आली म्हणाला आणि डोकं टेबलावर टेकलं. यार्डातली माणसं त्याला घेऊन धावली, पण उपयोग झाला नाही. मुंबईच्या साहेबांना पत्ताच नव्हता. शीट ताजी होती ना! पुरुष मंडळी स्मशानातून परतली तेव्हा त्याच्या फोनवर निरोप येऊन पडला होता: काम छान चाललंय, असंच चालू ठेवा. तो फोन मी भिंतीवर का आपटला नाही, देव जाणे.

मग त्याच फोनवर मीच ती शीट बघायला लागले. सगळं त्याच्या स्वतःच्या खात्यावरून चालायचं; त्याला कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराने वेगळं खातं कधी दिलंच नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली की बघायचं, नळावर पाणी भरताना बघायचं. त्याचं नाव, आत्ताची वेळ. हे कोण करतंय ते मला ठाऊक होतं. तरी नाव यायला उशीर झाला की काळजात धस्स व्हायचं, आणि आलं की बरं वाटायचं. भीतीही वाटायची. मला केबिन दिसायची, गरगरणारा पंखा आणि पाठमोरा तो, टिंब टाकणारा, पुसणारा. हाक मारली तरी मान वळवायचा नाही.

त्याच्या जागी आलेल्या माणसाने एकदा फोन केला. "वहिनी, मी काय पण लिवलं तरी जरा वेळानं दादांचंच नाव येतंय. त्या खुर्चीत बसवत न्हाय. तेवढं बंद करा." बघते म्हटलं, आणि काहीच केलं नाही. बंद केलं की ती वेळ तिथेच थांबणार, आणि थांबवणारी मी.

"सारखी काय बगतेस त्या फोनात?" सासूबाईंनी विचारलं. मुलगा गेल्यापासून त्या धड जेवत नव्हत्या. त्यांनाही धीर येईल असं मला वाटलं. वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून दाखवलं. "आई, हे त्याचं नाव. ही आत्ताची वेळ. अजून कामावर असल्यासारखा दिसतो."

त्या कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या. आमच्याकडे माणूस गेलं की घरात त्याला जिथे निजवलेलं असतं त्या जागी दिवा लावतात, पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. पिठावर पाखराचं, मुंगीचं, कसलंही पाऊल उमटलं की समजायचं, जीव सुटला, वाटेला लागला. त्याच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं. सासूबाईंनी टोपली उचलून बघितली होती आणि तेव्हापासून त्या गप्प होत्या.

"म्हंजे अजून राबवतात त्याला?"

"आई, तो नाही. ती स्क्रिप्ट..."

"नाव त्याचं हाय ना? मंग तो जाईल कसा, बाय? त्याला सुट्टीच न्हाय."

मी त्याचा लॅपटॉप काढला. त्या शेजारी येऊन बसल्या. पाव तासाचं घड्याळ लावलेली ओळ सापडली, ती पुसायला घेतली, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला.

"काय म्हणतंय?"

"खरंच बंद करायचं का, विचारतंय."

त्यांनी पडद्यावरून हात फिरवला, अंगावरून फिरवावा तसा. "जा रं बाला," म्हणाल्या. मी बटण दाबलं.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. पाव तास होऊन गेला, नाव आलं नाही.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला, आई," मी म्हटलं. हा शब्द मी तोवर एकदाही तोंडातून काढला नव्हता.