काकांच्या नावावर पडलेला शेरा

आमच्या एमआरआय विभागात त्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. सफाईवाल्या मावशींपासून मोठ्या सर्जन मॅडमपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, 'हलूनका'. आम्ही धाकटे त्यापुढे 'काका' जोडायचो. दिवसातून पन्नास वेळा त्यांचं एकच पालुपद असे, "हलू नका." घरी काकू कूस बदलतात तेव्हाही हे ओरडत असतील, असा आमच्यात विनोद होता. तो मीच काढलेला.

पेशंटला मशीनमध्ये झोपवताना ते घाई म्हणून करत नसत. आधी गुडघ्यांखाली उशी, कारण कंबर अवघडली की माणूस डोकं हलवतो. मग डोक्यावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यात, दोन्ही कानांशी, स्वतः कात्रीने कापलेले फोमचे तुकडे. शेवटी कपाळावरून कागदी चिकटपट्टी. डोकं जरा सरकलं की कातडी ओढली जाते आणि ज्याचं त्याला कळतं, असं ते सांगत.

मला हे सगळं अति वाटायचं. माझं काम शेजारच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. मेंदू काम करत असताना मशीन दर दोन सेकंदांनी त्याचं एक चित्र घेतं. डोकं हललं की चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. माझा प्रोग्राम प्रत्येक चित्र सरकवून, फिरवून पहिल्या चित्रावर नेमकं बसवायचा. "काका, त्या पट्ट्या आता म्युझियमला देऊन टाका," असं मी येताजाता चिडवायचो. ते हसायचे आणि पुढची पट्टी फाडायचे.

एक दिवस बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाई आल्या. डोक्यात डाव्या बाजूला गाठ. ती काढायची, तर बोलण्याची जागा मेंदूत नेमकी कुठे आहे ते मॅडमना आधी कळायला हवं होतं. जागा चुकली असती तर गाठीबरोबर बाईंचं बोलणंही गेलं असतं. आत जाताना बाईंनी काकांचा हात धरला. "आवाज राहील ना हो माझा? मला दुसरं काहीच येत नाही."

"राहील, ताई. फक्त हलू नका," काका म्हणाले.

पडद्यावर अर्धा मिनिट एक अक्षर दिसे. त्यावरून सुरू होणारे शब्द मनातल्या मनात आठवायचे, मग अर्धा मिनिट विश्रांती. असं सहा वेळा. स्कॅन संपल्यावर काका माझ्याकडे वळले.

"अक्षर आलं की यांची हनुवटी हलतेय. विश्रांतीत नाही हलत. मनात बोलायची सवयच नाही बिचारीला. पुन्हा घेऊ या."

"अहो, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! मी करतो ना सरळ."

त्या दुपारी मला मॅडमना माझा नवा प्रोग्राम दाखवायचा होता. त्या वर वाट बघत होत्या. मला शेखी मिरवायची घाई झाली होती, दुसरं काही कारण नव्हतं. "बघ बाबा, तुला यातलं जास्त कळतं," काका म्हणाले आणि बाईंना बाहेर काढायला गेले.

बोलण्याच्या जागेचा नकाशा देखणा आला. गाठीपासून चांगलाच लांब एक ठळक ठिपका. मॅडम खूश झाल्या, माझी पाठ थोपटली आणि गुरुवारची ऑपरेशनची तारीख पक्की केली.

सोमवारी सकाळी काका वही घेऊन आले. हनुवटी ज्या ज्या वेळी हलली, त्या वेळा त्यांनी टिपून ठेवल्या होत्या. "तुझ्या आलेखाशी जरा ताडून बघ." त्यांचं समाधान करावं म्हणून मी हालचालीची रेघ आणि अक्षरांच्या वेळा एकाखाली एक लावल्या. सहाच्या सहा वेळा अक्षर आलं की रेघ वर चढत होती. प्रोग्रामने चित्रं जागेवर आणली होती, पण हलण्यामुळे त्यांच्या उजळपणात पडलेला फरक तसाच राहिला होता. तो दर अक्षराबरोबर येत होता, म्हणून कॉम्प्युटरने त्यालाच मेंदूचं काम मानलं. तो देखणा ठिपका हनुवटीचा होता.

"मॅडमना सांग लगेच," काका म्हणाले.

"संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी सांगितलं नाही. मंगळवारीही नाही. दोनदा निरोप लिहिला आणि पुसला. बुधवारी दुपारी काकांनी माझं मनगट धरलं आणि मला जिन्याने वर नेलं.

मॅडमच्या खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर बसले होते. मी तोंड उघडेपर्यंत काका बोलून मोकळे झाले. "त्या घोषणावाल्या ताईंचा स्कॅन बाद धरा, मॅडम. हनुवटी हलत होती. मला दिसलं होतं, तरी मी पुन्हा घेतला नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी फक्त मला वगळलं होतं.

मॅडम उसळल्या. "उद्या ऑपरेशन आहे! बाई मुकी झाली असती! तुमच्यासारख्या जुन्या माणसाने असं करावं?" मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

जिन्यात मी काहीतरी पुटपुटलो. काका म्हणाले, "माझ्या निवृत्तीला चार महिने उरलेत, तुझी अख्खी नोकरी पुढे आहे. पुढच्या वेळी पुन्हा घे, म्हणजे झालं." रागावले असते तर बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन पुढे ढकललं. काकांनी बाईंना बाहेरच्या बाकावर बसवून, हनुवटीखाली स्वतःचीच मूठ धरायला लावून, मनात बोलायचा सराव करून घेतला. दुसऱ्या स्कॅनमध्ये खरी जागा दिसली, गाठीला जवळजवळ चिकटलेली. मॅडमनी सगळा बेत बदलला आणि बाईंना जागं ठेवून, बोलतं ठेवून गाठ काढली. काकांच्या फायलीत 'कामात निष्काळजीपणा' असा शेरा पडला. चार महिन्यांनी ते तो घेऊन निवृत्त झाले. निरोपाला मॅडम आल्या नाहीत. मी आलो, फोटोत काकांच्या शेजारी उभाही राहिलो, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

दोन महिन्यांपूर्वी बाई आभार मानायला आल्या. जरा सावकाश, पण स्वच्छ बोलत होत्या.

"तुमच्या कॉम्प्युटरमुळे आवाज वाचला, असं मॅडम म्हणाल्या. ते काका ऑपरेशननंतर घरी आले होते, माफी मागायला. मी दारातूनच हाकललं त्यांना. माझ्या जिवाशी खेळलात, असं नाही नाही ते बोलले. खाली मान घालून ऐकून घेतलं हो त्यांनी. आता वाटतं, जास्तच बोलले मी. भेटले तर सांगाल? म्हणावं, मनात काही ठेवू नका."

"सांगतो," मी म्हणालो.

काका माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहतात. मी अजून गेलेलो नाही.