करवतीचं दुसरं टोक

ई-मेल गटातल्या मंडळींनो, चँडलरला घरी आत्ताच परतले. तळहातांना फोड आलेत, तरी लिहिते.

सरकारी जंगलातल्या वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या हौशी घोडेस्वारांबरोबर मी सुट्टीत जाते. आज वाटेवर दोन फूट जाडीचा पाइन वृक्ष आडवा पडला होता. तिथे मोटरच्या करवतीला बंदी आहे. वाट आज उघडली नसती, तर वनखातं ती नकाशातूनच काढून टाकणार होतं.

सत्तरीच्या डोनाने खेचरावरून दोन मुठींची लांब करवत उतरवली. दुसरी मूठ तिचा नवरा धरायचा. तो गेल्या वर्षी वारला. आज ती मी धरली.

मिनिटभरात पातं वाकलं.

"ए इंजिनिअर, ढकलू नकोस! तू फक्त ओढ. परत नेणं माझं काम," डोना ओरडली. माझ्या नोकरीवरून ती मला इंजिनिअरच म्हणते.

बाबा अगदी हेच म्हणायचे. चंद्रपूरला ते सुतारकाम करायचे आणि शाळेतून आल्यावर दुसरी मूठ माझी असायची. मी नोकरीसाठी इकडे परदेशात आल्यावर त्यांनी ती करवत भिंतीला टांगली, असं आईच्या पत्रात होतं.

दीड तासाने ओंडका सुटला आणि घोडे पलीकडे गेले.

तुमच्याही घरी दोघांनीच करायचं एखादं काम असेल. तुमचं टोक आता कोण धरतं?