मामाची साक्ष

समुद्रात खुंट ठोकायचे, त्यांना जाळी बांधायची आणि जिथं आपला खुंट तिथलं पाणी आपलं, असा आमच्या किनाऱ्याचा कारभार. ऐंशी सालाच्या आसपास खाडीपलीकडच्या गावानं आमचे खुंट उपटले आणि आमच्या होड्या बांबू-दगड घेऊन निघाल्या. दुपारी परतल्या तेव्हा एकाच्या बोटांचा चेंदा झाला होता, आणि पलीकडे माझ्या सख्ख्या मामाचं डोकं फुटलं होतं. आईचं माहेर तेच गाव.

मामाच्या डोक्यात बांबू घातला होता आमच्या शेजारच्या काकानं. त्याची पोरं लहान. पोलिसांची गाडी येण्याआधी गाव देवळात बसलं आणि नाव माझ्या मोठ्या भावाचं सांगायचं ठरलं. तो होडीवर नव्हताच, तापानं घरात पडला होता. "मामा हाय त्याचा. भाच्यावर बोट नाय दाखवनार," गावचा म्होरक्या आईला म्हणाला. मला संताप आला, आजही येतो. भाऊ मात्र तसाच तापात उठला. गावाचं काम म्हटल्यावर सदरा चढवून गाडीत जाऊन बसला. आईनंही त्याला अडवलं नाही, तिचा आपल्या भावावर भरवसा होता.

चौकीत त्याला पट्ट्यानं फोडून काढलं. कानशिलात अशा बसल्या की डावा कान कायमचा गेला. पुढे पालघरच्या कोर्टात मामा उभा राहिला, तेव्हा मागे त्याचं अख्खं गाव बसलं होतं. कुणी मारलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं भाच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "ह्यानंच मारलं."

भाऊ तुरुंगात होता तोवर प्रत्येक होडीतून आमच्या दारात मासळीचा वाटा येत राहिला. तो सुटून आला त्या दिवशी आई अंगणात बोंबील वाळत घालत मामाला शिव्या देत होती. भाऊ म्हणाला, "त्याला कशाला बोलतेस आये? त्याच्या जागी मी असतो तर मीपन तेच बोललो असतो."

आम्हाला कधी बोटही न लावलेल्या आईनं वाळवणाचा बांबू उपसला आणि त्याला झोडपत सुटली. पाठीवर, खांद्यावर, जिथं बसेल तिथं. मी आवरायला गेले तर मलाही फटके बसले. तो जागचा हलला नाही. हात थकले तेव्हा ती त्याच्या डाव्या बाजूला मटकन बसली आणि पुटपुटत राहिली, "गावाचा झालास, आता येकदा माजा हो." त्या कानानं त्याला काही ऐकू येत नव्हतं.