मागून चालणारे भाऊ

वाघांच्या अभ्यासासाठी आम्ही जंगलात कॅमेरे लावतो. ते झाडाला बांधणाऱ्या भाऊंचं नाव मी कधी घेतलं नाही, कारण जंगलात ते कुणालाच नाव घेऊ देत नाहीत. "त्याले ऐकू येते," म्हणतात. वाघ हा शब्दही त्यांच्या तोंडी नसतो. पायवाटेवर मला मात्र नेहमी पुढे ठेवतात. "मांगच्या मानसाले तो पयले उचलते, मॅडम."

कॅमेरा बांधला की तो चालतो का हे बघायला समोरून कुणालातरी जावं लागतं. बाकीचे नुसता हात हलवतात. भाऊ चपला काढतात, दुपट्टा फांदीला टांगतात आणि हातापायांवर उतरतात. मान खाली, खांदे आळीपाळीने वर. सागाचा वाळलेला पाला त्यांच्याखाली वाजतसुद्धा नाही. मी तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते.

आलेले फोटो आधी संगणकच निवडतो: चितळ चितळांत, माणूस माणसांत. भाऊ इतकी वर्षं माणसांत असायचे. यंदा चिमूरकडच्या जंगलातले त्यांचे सगळे फोटो वाघांत निघाले.

मी हसत हसत ते त्यांना दाखवले. भाऊ हसले नाहीत. पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "याले कोनं सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. पायवाट लागली तशी मी रेंगाळले, त्यांनी पुढे व्हावं म्हणून. ते थांबूनच राहिले.

"चाला मॅडम," ते म्हणाले. "मांगं मी आहो नं."