सोंगटी कोणी हलवली?

दत्तादादांच्या मुलीचा, सुरेखाचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ भाजी घेत होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "नक्की? डॉक्टरांनी नीट बघितलं का?" विचारून झाल्यावर मलाच लाज वाटली. पण दत्तादादांना हा प्रश्न आवडला असता... कोणी काही सांगितलं की ते आधी हेच विचारायचे.

मी त्यांच्या हाताखाली लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काम शिकलो. दुसऱ्याने मोजलेलं माप ते कधीच मानत नसत. आम्ही कारखान्यात त्यांच्या या संशयी स्वभावाची टिंगल करायचो. पुढे त्यांच्याच तोंडून त्यांच्या गावच्या, सोनिवलीच्या शेताची गोष्ट ऐकली. शेजारी इमारतीचं काम निघालं, तेव्हा बांधावरचे दगड सरकलेत असं ते घरात सांगत होते. भावांनी म्हटलं, तुला भास होतोय. रीतसर मोजणी झाली तोवर शेजारची भिंत उभी राहिली होती, आणि दगड खरोखर दोन हात आत आलेले निघाले. गेलेली जमीन परत आली नाही. भावांवरचा राग हळूहळू गेला, पण "तुला भास होतोय" हे वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही.

शेजारच्या लेथवर उल्हासनगरचे लछमनभाई होते. बॅकगॅमन त्यांनी आणलं. लाकडी पट, चोवीस टोकदार घरं, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. जेवणाच्या सुट्टीत दोघं डबा बाजूला सारून खेळायचे. रिटायर झाल्यावर लछमनभाई मुलाकडे इंदूरला गेले. दादांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि उजवा हात कापायला लागला. तेव्हा मीच टॅबलेटवर ऑनलाइन बॅकगॅमन टाकून दिलं, दोघांची जोडणी करून दिली. सोंगटी बोटाने ओढत न्यायला दादांना जमेना, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन नुसतं बोट लावलं की चाल होईल असं केलं. चाल संपल्यावर 'झालं'चं बटण दाबायला नको, म्हणून तेही आपोआप होईल असं ठेवलं. दादांनी विचारलं, "काय काय बदललंस?" मी म्हटलं, काही नाही, सोपं केलं.

पंधरा दिवसांत दादांची तक्रार सुरू झाली. सोंगटी भलतीकडे जाते. फाशांवर पाच आणि दोन पडलेत, मी दोन घरं जायला बोट लावतो, ती पाच घरं उडी मारते. घाबरून पुन्हा बोट लावलं की आणखी दोन घरं जाते आणि डाव लछमनकडे. चाल मागे घ्यायचा बाण शोधेपर्यंत तो बाणच गायब. आधी त्यांना वाटलं फासे खोटे आहेत. मग वाटलं, लछमनच्या नातवाने काहीतरी करून ठेवलंय. मला हसू आलं. मी म्हणालो, "दादा, तुमचा हात थरथरतो. सोंगटी बरोबर आहे, भास होतोय तुम्हाला."

त्या दिवशी चहा आला, पण दादांनी घेतला नाही. दोन दिवसांनी त्यांनी लछमनभाईंना आवाजी मेसेज पाठवला, की खेळायचं असेल तर सरळ खेळ. तिकडून उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांची दोस्ती तिथे थांबली.

दोनेक महिन्यांनी सहज म्हणून मी तोच खेळ माझ्या फोनवर घेतला आणि तीच सेटिंग लावली. सहा आणि एक पडले. एक घर सरकायचं म्हणून बोट लावलं, सोंगटी सहा घरं गेली. तेव्हा कळलं... बोट लावून चाल केली की प्रोग्राम मोठा आकडा आधी धरतो. लहान आधी हवा असेल तर फाशांवर बोट लावून त्यांची अदलाबदल करायची. हे मला माहीत नव्हतं. सोंगटी मीच हलवली होती.

दुसऱ्या दिवशी सोनिवलीला जाऊन सगळं सांगितलं, फासे बदलून दाखवले, 'झालं'चं बटण परत आणलं. दादांनी स्वतः एकदा फासे बदलून बघितले. मग म्हणाले, "माझा हात हलतो, माहीत हाय मला. पण सोंगटीपन हलत होती. तू एकदा बघायला पायजे होतंस." ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी स्वतः लछमनभाईंना फोन लावला आणि चूक आपली होती म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. शेवटचे चार महिने दोघं रोज खेळले. प्रत्येक चालीआधी दादा फाशांवर बोट ठेवून, ते खरंच जागा बदलतात का ते बघायचे.

तेराव्यानंतर लछमनभाई इंदूरहून आले. न राहवून मी त्यांना खरं सांगितलं, की ती सेटिंग माझी. ते म्हणाले, "तेव्हा माझी बायको जाऊन महिना झाला होता. दत्ता एवढ्या चुका करायचा नाही कधी. मला वाटलं, दया येऊन जिंकवतोय मला. त्याचाच राग होता. म्हणून जवाब नाही दिला." चाळीस वर्षं एकमेकांचा खेळ ओळखणारी दोन माणसं, आणि मध्ये माझं ते 'सोपं' करणं...

परवा पुन्हा दादांच्या घरी गेलो होतो. टॅबलेट खिडकीपाशी चार्जिंगला होता. कशाला लावतेस आता, असं मी सुरेखाला विचारलं. ती म्हणाली, सवय झाली, आणि आत चहा टाकायला निघाली. दारापर्यंत जाऊन परत आली. वायर नीट बसलीय का, दोनदा ओढून बघितली, आणि मगच आत गेली.